मोटारीचें मागलें चाक आणि कारखान्याचें बोलावणें

सोलापुरांतील एखाद्या गृहस्थाच्या घरीं, सकाळच्या चहाच्या वेळीं, मोटार बनविणाऱ्या कंपनीचें एक पत्र येतें. हल्लीं तें बहुधा मोबाइलवरील चार ओळींच्या संदेशाच्या रूपानें येतें, एवढाच काय तो फरक. "आपल्या मोटारीच्या मागील सस्पेन्शनमधील एका भागाची तपासणी करणें जरूर आहे, तरी अधिकृत वर्कशॉपमध्यें वेळ ठरवून मोटार आणावी, या कामाचा कोणताही आकार पडणार नाहीं," असा त्यांतील मजकूर असतो. भाषा इतकी सौम्य कीं गृहस्थ तें पत्र विमा-कंपन्यांच्या जाहिरातींबरोबर बाजूला सारून देतो. मोटार उत्तम चालत असते. गेल्याच आठवड्यांत ती तुळजापूरला जाऊन आलेली असते. रस्त्यांत कोठें कुरकुर नाहीं, आवाज नाहीं. घरांतील वडील मंडळींचें मत असें कीं, चालत्या गाडीला विनाकारण हात लावूं देऊं नये. चिरंजीवांचें मत याच्या अगदीं उलट: कंपनीच म्हणते गाडी खराब आहे, तर ती आजच विकून टाकावी. हीं दोन्हीं मतें चुकीचीं आहेत, आणि त्यांपैकीं दुसरें अधिक धोक्याचें आहे. कारण त्यायोगें दोष दुरुस्त न होतां नुसता दुसऱ्याच्या दारांत जाऊन उभा राहतो.

इंग्रजींत या बोलावण्याला 'रिकॉल' म्हणतात, आणि मराठी वृत्तपत्रें त्याचा 'गाड्या परत मागविल्या' असा तर्जुमा करतात. या तर्जुम्यानें पुष्कळ घोटाळा केला आहे. परत मागविल्या म्हणजे कंपनी मोटार घेऊन पैसे परत देणार, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षांत शंभरांपैकीं बहुतेक प्रसंगीं मोटार कांहीं तासांसाठीं वर्कशॉपमध्यें जाते, एखादी दांडी, नट किंवा सांधा बदलला जातो, आणि मोटार धन्याच्या घरीं परत येते. म्हणून 'परत मागविणें' यापेक्षां 'परत बोलावणें' हाच शब्द अधिक योग्य. लेक माहेरीं बोलावली म्हणजे ती कायमची आली असें कोणी समजत नाहीं.

सोलापूरसारख्या कापडाच्या गांवाला यांतील मर्म समजावून घेण्यास अडचण पडूं नये. माग चालविणाऱ्याला माहीत असतें कीं, एखाद्या ताण्याची पाजणी बिघडली म्हणजे त्या ताण्यावर विणलेल्या साऱ्याच चादरींवर संशय येतो. एका गिऱ्हाइकाच्या हातांत एक चादर विरली, तेवढी बदलून दिली, आणि बाकीच्या तशाच विकल्या, तर तो व्यवहार सचोटीचा नव्हे. त्या ताण्यावरच्या चादरी कोठें कोठें गेल्या हें वहीवरून शोधून काढणारा व्यापारी खरा. मोटारीचें तसेंच आहे. एक मोटार बिघडणें हा अपघात. परंतु एकाच दिवशीं, एकाच यंत्रावर, एकाच घाण्यांतील पोलादापासून झालेले भाग हजार मोटारींत बसले असतील तर त्या सगळ्या मोटारींची चौकशी झालीच पाहिजे. यासाठींच प्रत्येक मोटारीवर सतरा अक्षर-अंकांची एक खूण कोरलेली असते. तिला लोक चेसिस नंबर म्हणतात. मोटार कोणत्या देशांत, कोणत्या कारखान्यांत, कोणत्या वर्षाच्या बनावटीची आहे हें त्या खुणेवरून काढतां येतें. याच शहरांत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीच्या कारखान्यांत इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतले जाऊन ते देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांकडे जातात. अशा धंद्यांत अमुक नग कोणत्या घाण्यांतला, हें मागाहून सांगतां येणें ही मालाच्या चांगलेपणाइतकीच महत्त्वाची बाब असते.

आतां प्रश्न असा कीं, सस्पेन्शन म्हणजे काय, आणि मागल्या चाकाच्या सस्पेन्शनबद्दल एवढी धास्ती कां?

मोटारीचा सांगाडा चाकांवर थेट बसविलेला नसतो. मध्यें कमानी अथवा स्प्रिंगा असतात, त्यांची उसळी आवरण्यासाठीं शॉक-ॲब्सॉर्बर असतात, आणि चाक आपल्या जागीं धरून ठेवण्यासाठीं दांड्या व सांधे असतात. गादीवर बसणाराला स्प्रिंगेचें काम कळतें, कारण तें त्याच्या पाठीला कळतें. दांड्यांचें काम मात्र कोणाला दिसत नाहीं. चाक वर-खालीं जाऊं द्यावयाचें, परंतु पुढें-मागें, आडवें किंवा वांकडें होऊं द्यावयाचें नाहीं, हें त्यांचें काम. खरें पाहतां सुख देणारा भाग तुटला तर माणसाला धक्के बसतात. दिशा राखणारा भाग तुटला तर मोटार रस्ता सोडते.

पुढल्या चाकांत बिघाड झाला तर चालकाच्या हातांतील स्टिअरिंगचें चाक त्याला तें सांगतें. तें थरथरतें, एका बाजूला ओढतें, जड होतें. मागल्या चाकांचा चालकाच्या हाताशीं असा कांहींच संबंध नाहीं. मागल्या सांध्यांत भेग पडली, ती महिनोगणती वाढत गेली, तरी हाताला कांहीं जाणवत नाहीं. आणि ज्या क्षणीं ती दांडी तुटते त्या क्षणीं मागलें चाक आपल्या मनानें वळूं लागतें. पुढें एक सुकाणूं आणि मागें दुसरें, तेंही कोणाच्या ताब्यांत नसलेलें, अशा नावेची जी गत होईल ती मोटारीची होते. ताशीं तीस किलोमीटरच्या वेगानें गल्लींतून जातांना हें घडलें तर मोटार बाजूच्या कट्ट्याला लागून थांबेल. पुण्याच्या चौपदरी हमरस्त्यावर शंभराच्या वेगांत, शेजारून उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला असतांना घडलें, तर काय होईल तें सांगावयास नको.

पोलाद असें महिनोगणती हळूहळू कां तुटतें, यालाही एक इतिहास आहे. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पुष्कळ माणसें जळून मेलीं. आस चांगल्या लोखंडाचा होता; त्यावर त्याच्या ताकदीबाहेर वजन पडलें होतें असेंही नव्हे. पुढें प्रशियाच्या रेल्वेंतील ऑगस्ट व्योलर या एंजिनियरानें बरींच वर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं धातूला सहज पेलणारा भार लक्षावधि वेळां उलटसुलट पडला तर धातु थकतो. तारेचा तुकडा हातांत धरून दहा-वीस वेळां मागेंपुढें वांकविला म्हणजे तो तुटतो. त्याला तोडण्यास पैलवान लागत नाहीं. सांध्याच्या कडेला, झाळलेल्या जागीं, किंवा गंज चढून खड्डा पडलेल्या ठिकाणीं प्रथम केसाएवढी भेग पडते. प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक खड्डा तिला थोडी थोडी वाढवितो.

लहान मोटारींत मागल्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी तुळई असते. एक चाक उचललें गेलें कीं ती पिळवटते आणि दुसऱ्या चाकाला फारसा त्रास देत नाहीं. ही रचना स्वस्त, सुटसुटीत व टिकाऊ आहे. परंतु पिळवटणें हेंच तिचें आयुष्यभराचें काम असल्यामुळें तिचें पोलाद किंवा झाळकाम कमी प्रतीचें निघालें तर ती थकते. भारतांत या दोषाचें ठळक उदाहरण फोर्ड कंपनीचें आहे. जुलै २०१२ मध्यें या कंपनीनें चेन्नईजवळच्या कारखान्यांत झालेल्या फिगो व जुन्या फिएस्टा मिळून १,२८,६५५ मोटारी ही तुळई आणि स्टिअरिंगच्या तेलाची नळी तपासण्यासाठीं परत बोलाविल्या. आणि पुढल्याच वर्षीं, सप्टेंबर २०१३ मध्यें, फिगो व क्लासिक जातीच्या आणखी १,६६,०२१ मोटारी याच दोन भागांसाठीं बोलाविल्या. त्या वेळीं हिंदुस्थानांत अशा बोलावण्याची सक्ति करणारा कायदा नव्हता. मोटार-कारखानदारांच्या संघानें त्याच २०१२ च्या जुलैमध्यें आपखुशीचा एक नियम स्वीकारला होता, तेवढाच. महाराष्ट्रांतील उदाहरण पाहावयाचें तर महिंद्र कंपनीचें आहे. १९ मे २०१९ पर्यंत बनलेल्या कांहीं एक्सयूव्ही-३०० मोटारींच्या सस्पेन्शनमधील एक भाग तपासून बदलण्याचें तिनें त्याच वर्षीं जाहीर केलें. ही मोटार नाशिकच्या कारखान्यांत होत असे.

भारी किंमतीच्या मोटारींत असा दोष निघणार नाहीं, असा एक समज शहरांतील सुखवस्तु घरांत आढळतो. तो समज खरा नाहीं, आणि त्याचें कारणही मोटारीच्या भारीपणांतच आहे. १९८२ सालीं मर्सिडीज कंपनीनें आपल्या '१९०' या मोटारीच्या प्रत्येक मागल्या चाकाला पांच निरनिराळ्या दांड्यांनीं धरण्याची योजना केली. त्यामुळें चाकाच्या प्रत्येक हालचालीवर वेगवेगळा ताबा ठेवतां येऊं लागला आणि आंत बसणाराला सुख झालें. पुढें हीच पद्धत बहुतेक आलिशान मोटारींनीं उचलली. परंतु पांच दांड्या म्हणजे दहा टोकें, आणि प्रत्येक टोकाला रबरी बुश किंवा गोलकाचा सांधा. जितके सांधे अधिक तितक्या दोष शिरण्याच्या वाटाही अधिक.

या दांड्यांपैकीं चाकाचा रोख राखणारी दांडी सर्वांत नाजूक. अमेरिकेंत फोर्डच्या एक्सप्लोरर या मोठ्या मोटारींत हीच दांडी तुटूं लागली. गोलकाचा सांधा गंजून घट्ट बसला, फिरेनासा झाला, कीं त्याच्यावर पडणारा ताण दांडीवर येई आणि दांडी वांकून वांकून मोडे. एकदां २०१९ मध्यें, आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें, मोटारी परत बोलावाव्या लागल्या. दुसऱ्या वेळचा आंकडा जगभरांत ७,७४,६९६ इतका होता. दुसरें उदाहरण पोर्शे कंपनीच्या करेरा जीटी या मोटारीचें आहे. २००४ व २००५ सालच्या बनावटीच्या, ताशीं तीनशें किलोमीटरहून अधिक वेगानें धावणाऱ्या या मोटारी संग्रहांतील रत्नांसारख्या जपल्या जातात. २०२३ सालीं अमेरिकेंतील अशा ४८९ मोटारींच्या मालकांना कंपनीनें कळविलें कीं, सस्पेन्शनच्या बाहूंमधील गोलकाच्या सांध्यांना गंज व ताण यांमुळें तडे जाण्याचा संभव आहे, तरी नवे सांधे बसेपर्यंत मोटार चालवूंच नये. जवळजवळ वीस वर्षें झांकून ठेवलेल्या आणि थोड्याच चाललेल्या मोटारीला रस्त्यानें नव्हे, हवेनें आणि काळानें गांठलें.

परंतु दोष मोटारीचा कीं रस्त्याचा, हा वाद सर्व ठिकाणीं सारखाच आहे. टेस्ला कंपनीनें चीनमध्यें विकलेल्या हजारों मॉडेल एस व मॉडेल एक्स मोटारी ऑक्टोबर २०२० मध्यें तेथील सरकारच्या सांगण्यावरून परत बोलावाव्या लागल्या. जोराचा आघात बसल्यावर पुढल्या सस्पेन्शनमधील एक गोलक, आणि कांहीं मोटारींत मागल्या सस्पेन्शनची वरची दांडीही, तुटण्याचा संभव आहे असें तेथील खात्याचें म्हणणें होतें. त्याच सुमारास कंपनीनें अमेरिकेच्या सरकारला मात्र असें लिहून कळविलें कीं, भागांत दोष नाहीं. चिनी चालक मोटार खड्ड्यांत व कांठांवर आपटतात. सोलापूरच्या मोटारवाल्याला हें ऐकून हसूं येईल. येथील काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे उंच-सखल होतात. अशा जमिनीवर मोटार विकावयाची आणि मग जमिनीलाच दोष द्यावयाचा, हा युक्तिवाद फार तर अर्धा खरा. चालक बेफिकीर असूं शकतो. परंतु ज्या देशांत माल विकावयाचा त्या देशाचा रस्ता मोटारीनें सोसला पाहिजे, ही अपेक्षा गैरवाजवी नाहीं.

एवढ्या सगळ्या कायद्यांचा उगमही मोटारीच्या मागल्या चाकापाशींच सांपडतो, हा योगायोग सांगण्यासारखा आहे. १९६० सालच्या बनावटीची शेव्होर्ले कंपनीची कॉर्व्हेअर ही मोटार मागें इंजिन असलेली होती. तिच्या मागल्या चाकांचे अर्धे आस एका टोकालाच सांध्यावर फिरत; त्यामुळें जोरानें वळण घेतांना बाहेरचें मागलें चाक मोटारीखालीं दुमडे, पाठ उचलली जाई आणि मोटार गरकन फिरे. यावर कंपनीनें योजलेला उपाय हवेचा होता: पुढल्या टायरांत पंधरा पौंड आणि मागल्या टायरांत सव्वीस पौंड दाब ठेवावा म्हणजे झालें. किती मालक हें काटेकोरपणें पाळतील, याचा विचार कोणी केला नाहीं. १९६४ सालीं तिला एक आडवी दांडी बसविली, आणि १९६५ च्या नमुन्यांत मागलें सस्पेन्शनच बदललें. त्याच वर्षीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें मोटार-कारखान्यांवर एक पुस्तक लिहिलें, आणि त्याचें पहिलेंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतें. जनरल मोटर्सनें त्याच्या खाजगी आयुष्याची चौकशी करण्यासाठीं गुप्त हेर लावले; तें उघडकीस येऊन मार्च १९६६ मध्यें कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटसमोर माफी मागावी लागली. सप्टेंबर १९६६ मध्यें अमेरिकेचा मोटार-सुरक्षिततेचा कायदा झाला. दोष आढळला तर मालकाला कळविणें त्यानें सक्तीचें केलें. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ति मात्र १९७४ सालीं आली. आणि न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, १९७२ सालीं अमेरिकेच्या सरकारी तपासणींत कॉर्व्हेअर तिच्या बरोबरीच्या इतर मोटारींपेक्षां वाईट नव्हती असा निर्णय निघाला. एका मोटारीविषयींचा आरोप पुढें ढिला पडला, कायदा टिकला.

हिंदुस्थानांत मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि चालू कायदा १९८८ चा. मोटार चालविणारा, तिचा परवाना, तिचा विमा यांचा विचार या सर्वांत झाला. परंतु मोटार करणाऱ्यानें सदोष माल परत बोलाविलाच पाहिजे असें कलम २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हतें. त्या दुरुस्तीनें '११० अ' हें कलम आलें. मोटारींतील दोषामुळें चालकाला, आंतील माणसांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, आणि ठराविक प्रमाणांत मालकांनीं, तपासणी-संस्थेनें किंवा अन्य मार्गानें तो दोष सरकारला कळविला असेल, तर केंद्र सरकार त्या जातीच्या मोटारी परत बोलावण्याचा हुकूम देऊं शकतें. दोष एखाद्या सुट्या भागांत असेल तर तो भाग ज्या ज्या मोटारींत आहे त्या सर्व, जात कोणतीही असो, बोलावतां येतात. कंपनीनें मोटारीची पूर्ण किंमत द्यावी, किंवा तितकीच चांगली दुसरी मोटार द्यावी, किंवा दुरुस्त करून द्यावी, आणि दंडही भरावा. मात्र कंपनीनें स्वतःच दोष हेरून सरकारला कळविला व बोलावणें सुरू केलें, तर दंड नाहीं. हें शेवटचें कलम शहाणपणाचें आहे. कबुलीला शिक्षा ठेवली कीं कबुली येत नाहीं. १ एप्रिल २०२१ पासून याचे नियम अमलांत आले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे, आणि किती तक्रारी आल्यावर हालचाल करावयाची हें त्या मोटारीच्या वार्षिक विक्रीवर ठरविलें आहे. सात वर्षांहून जुन्या मोटारींना मात्र हे नियम लागू नाहींत. करेरा जीटीचें उदाहरण पाहतां ही मर्यादा तोकडी वाटते. थकव्याला आणि गंजाला सात वर्षें हा कांहीं मोठा काळ नव्हे.

सोलापुरांतील मालकाची खरी अडचण यापुढची आहे. ज्या मोटारीचें अधिकृत वर्कशॉप गांवांत नाहीं, ती तपासणीसाठीं पुण्याला न्यावयाची म्हणजे ज्या सांध्याबद्दल संशय त्याच सांध्यावर भरंवसा ठेवून अडीचशें किलोमीटर जावयाचें. अशा वेळीं मोटार चालवीत आणण्यास हरकत आहे कीं नाहीं, हें कंपनीला प्रथम विचारावें. हरकत असेल तर मोटार उचलून नेण्याची मागणी करावी. पत्रांत 'चालवूं नये' हे शब्द असतील तर शेजारच्या चौकापर्यंतही नेऊं नये.

दुसरी अडचण जुन्या मोटारींची. कंपनीचें पत्र तिच्या वहींत ज्याचें नांव आहे त्याला जातें. मोटार दोन-तीन हातांतून फिरून आलेली असली तर पत्र पुण्याच्या किंवा हैदराबादच्या पहिल्या मालकाकडे जाऊन पडतें, आणि सोलापूरचा घेणारा अंधारांत राहतो. म्हणून जुनी मोटार घेतांना इंजिनाचा आवाज ऐकण्याइतकेंच, नोंदणीच्या पुस्तकावरील चेसिस नंबर कंपनीच्या वर्कशॉपला देऊन कांहीं बोलावणें बाकी आहे काय हें विचारणें जरूर आहे. त्यास पैसे पडत नाहींत. फोर्ड कंपनीनें सप्टेंबर २०२१ मध्यें हिंदुस्थानांत मोटारी बनविणें थांबविण्याचें जाहीर केलें. तरी तिच्या जुन्या मोटारी गांवोगांवीं हिंडत आहेत, आणि त्यांपैकीं कोणत्या २०१२-१३ च्या बोलावण्याला गेल्या व कोणत्या गेल्या नाहींत, हें बाहेरून पाहून कोणाला ओळखतां येणार नाहीं.

तिसरी अडचण नाक्यावरच्या मिस्त्रीची. तो कुशल असतो, मायाळू असतो, आणि भेग दिसली कीं तिच्यावर झाळ मारून गाडी संध्याकाळपर्यंत देतो. रिक्षाच्या टपाला किंवा ट्रॉलीच्या फळक्याला ही विद्या पुरते. पिळवटणाऱ्या तुळईला किंवा रोख राखणाऱ्या दांडीला ती पुरत नाहीं. झाळेच्या उष्णतेनें शेजारचें पोलाद आपला गुण सोडतें, आणि पुढली भेग नेमकी झाळेच्या कडेला पडते. असा भाग बदलावयाचाच असतो. मागलें टायर एकाच कडेला झिजणें, गतिरोधकावरून उतरतांना मागून 'खट्' असा आवाज येणें, सरळ रस्त्यावर मोटार तिरपी चालल्यासारखी मागून येणाऱ्याला दिसणें, हीं लक्षणें दिसलीं तर पत्राची वाट पाहूं नये. मात्र तीं दिसलीं नाहींत म्हणून पत्र फाडूंही नये. केसाएवढ्या भेगेला लक्षण नसतें.

काम झाल्यावर वर्कशॉपमधून चेसिस नंबर, बदललेल्या भागाचें नांव आणि तारीख असलेली पावती मागून घ्यावी, आणि ती नोंदणीच्या पुस्तकाबरोबर ठेवावी. पुढें मोटार विकली तर ती पावतीही तिच्याबरोबर द्यावी.